लाल पेटीतल्या तेवीस रेकॉर्डी : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

पेटी आज घरी आली. पलीकडच्या घरातले शेजारी स्वतः घेऊन आले. हातात न देता त्यांनी ती टेबलावर नीट टेकवली, मगच हात काढले. लाल रेक्झीनची, पितळी कडीची, सात इंची रेकॉर्डी ठेवायची पेटी. आत तेवीस रेकॉर्डी. झाकणाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहिलेलं एका मुलीचं नाव आणि खाली १९६८. हे नाव त्यांच्या बायकोचं. तिला जाऊन चार वर्षं झाली. ती जमैकाहून लहानपणी आईबापांबरोबर लंडनमधल्या हार्ल्सडेनला आली होती, आणि हे शेजारी पलीकडच्याच गल्लीत वाढलेले, बस कंडक्टरचे चिरंजीव, तेव्हाचे स्किनहेड.

काम असं ठरलं : तेवीसही रेकॉर्डी डिजिटल करायच्या, एक संच त्यांना द्यायचा, आणि त्यांच्या परवानगीने त्यातून तासाभराचा मराठी श्राव्य कार्यक्रम करायचा. विषय पेटीतलं जमैकन संगीत, म्हणजे रेगे, आणि त्यावर नाचणारी लंडनची स्किनहेड पोरं. काळ १९६८ ते १९७१. त्यांचं नाव कुठेही येणार नाही, ही त्यांची एकच अट.

मराठीतच का, याचं उत्तर माझ्याकडे आहे. महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिल लेनवर. जमैकन गाण्यांच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ट्रोजन रेकॉर्ड्सचं ऑफिस होतं १२, नीझडेन लेनला. तशीच दुसरी कंपनी, पामा रेकॉर्ड्स, क्रेव्हन पार्क रोडवर. सगळं उत्तर-पश्चिम लंडनच्या याच टापूत. लहानपणी गणपतीला, दिवाळीला आम्ही ज्या रस्त्यांवरून गेलो, त्याच रस्त्यांवरून हे संगीत सगळ्या ब्रिटनभर गेलं, आणि मला ते वयाच्या पन्नाशीत कळतंय.

१२ जानेवारी, रविवार

आधी एक शब्द साफ करायला हवा. 'स्किनहेड' म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो टक्कल केलेला, हातावर स्वस्तिक गोंदवलेला गोरा गुंड. तो खरा आहे, पण नंतरचा. १९६९ चा स्किनहेड म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचा, शाळा सोडून कारखान्यात किंवा गोदीत लागलेला पोरगा. केस बारीक कापलेले, पण तुळतुळीत नव्हे. पायांत कामगारांचे बूट, खांद्यांवर पट्टे, पँट घोट्याच्या वर. त्याच्या आधीच्या 'मॉड' म्हणजे कपड्यांच्या शौकीन पोरांपासून त्याने नीटनेटकेपणा घेतला आणि जमैकन 'रूड बॉय' म्हणजे गल्लीतल्या टपोरी पोरांकडून आखूड पँट, हॅट, चाल आणि गाणी. नाचायला तो जमैकन संगीतावरच जायचा. त्याचे सगळे हिरो काळे होते.

कार्यक्रमाची सुरुवात इथूनच करणार.

१८ जानेवारी, शनिवार

धुलाई. डिस्टिल्ड पाणी, त्यात अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, आणि लेबलवर थेंबही पडू नये म्हणून प्लास्टिकची चकती. दिवसभरात नऊ झाल्या. चौदा रेकॉर्डींचा मधला भाग काढून टाकलेला आहे, म्हणजे ज्यूकबॉक्सला लावायच्या तयारीच्या. सहांच्या लेबलवर तिने आपलं नाव लिहिलंय, कोणाच्या घरच्या नाचाला नेली की परत मिळावी म्हणून. माझी आईही शेजारी द्यायच्या पातेल्यांवर अशीच नावं घालून घ्यायची.

१९ जानेवारी, रविवार

आज पहिल्यांदा ऐकल्या. सगळ्या रेकॉर्डी मोनो आहेत, म्हणून दोन्ही चॅनेल एकत्र केले. सुई वर-खाली हलल्यामुळे येणारी खरखर त्याने बरीचशी आपोआप कटते. संगणकाकडून आवाज 'स्वच्छ' करून घ्यायचा मोह मी टाळणार आहे. हा माझा पोटाचा धंदा आहे, आणि अति साफ केलेलं गाणं कसं उकडलेल्या भाजीसारखं होतं ते मला माहीत आहे.

संगीताबद्दल थोडं सविस्तर लिहून ठेवते, निवेदनात लागेल.

जमैका ६ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाला. तेव्हाचं संगीत स्का : धावतं, ट्रॉम्बोन-सॅक्सोफोनांनी भरलेलं. ते वाजवणारे कितीतरी जण किंग्स्टनच्या आल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकलेले होते. गरीब, वाट चुकलेल्या मुलांसाठी कॅथलिक सिस्टर्सनी चालवलेली ही शाळा, आणि तिथे बँड होता. डॉन ड्रमंड, टॉमी मकूक, रिको रॉड्रिग्ज हे सगळे तिथले. १९६६ च्या सुमारास चाल संथावली, बेस पुढे आला, वाद्यवृंद लहान झाला, ते रॉकस्टेडी. १९६८ मध्ये पुन्हा वेग चढला, पण वेगळ्या अंगाने. ऑर्गन बुडबुड्यांसारखा अखंड वाजू लागला आणि गिटारचे काप दुहेरी पडू लागले. हे रेगे. टूट्स अँड द मेटल्सच्या १९६८ च्या एका गाण्यात हा शब्द पहिल्यांदा रेकॉर्डवर आला.

पेटीतल्या 'लिक्विडेटर'वर सगळ्यात जास्त ओरखडे आहेत. हॅरी जे ऑलस्टार्सची ही १९६९ ची रेकॉर्ड. शब्द नाहीत, नुसता विन्स्टन राइटचा ऑर्गन. ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेली आणि फुटबॉलच्या मैदानांवर जाऊन बसली. चेल्सी, वुल्व्ज, वेस्ट ब्रॉम, तिन्ही क्लबांच्या मैदानांवर ती वाजायची. गाण्याच्या फटींत प्रेक्षक टाळ्या वाजवायचे.

एक अडचण आहे. मी पायाने ताल धरते आणि पाऊल घसरतं. मोजायला गेले की चार मात्रांतली पहिली रिकामी सापडते, गिटार दुसरीवर आणि चौथीवर, ड्रमचा जोर तिसरीवर. हे मराठी कानाला कसं समजावून सांगायचं ते अजून सुचत नाही.

२६ जानेवारी, रविवार

शेजाऱ्यांची पहिली मुलाखत, दोन तास दहा मिनिटं. रेकॉर्डर चालू करताच ते आखडले, मग मी चहा केला आणि त्यांनीच जुने फोटो काढले.

फोटोतला शर्ट बघून बाबा (बाबा खिडकीपाशी बसून सगळं ऐकत होते) पहिल्यांदा बोलले, "ही तर आपल्याकडची मद्रासी चौकट." खरंच होतं ते. चौकटीचे मद्रास शर्ट त्या पोरांचे आवडते. शेजारी सांगत होते की धुतल्यावर त्यांचा रंग उतरतो म्हणूनच भाव जास्त होता. शुक्रवारी पगाराचं पाकीट मिळालं की आईला घरखर्चाचे देऊन उरलेल्यात शनिवारी सकाळी एक शर्ट किंवा दोन रेकॉर्डी. दोन्ही कधीच परवडायचं नाही.

रेकॉर्डीच्या दुकानात पुढे गोरी पोरं, जमैकन पोरं, कामावरून परस्पर आलेले मोठे बाप्ये, बाजाराची पिशवी घेऊन आलेल्या बाया. मागून विकणारा एकेक रेकॉर्ड लावून दाखवायचा, आणि ज्याला हवी त्याने हात वर करायचा. बीबीसीच्या रेडिओवर ही गाणी क्वचित लागत. जमैकाहून नवीन काय आलंय हे दुकानात उभं राहूनच कळायचं. त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच. शेवटची एकच प्रत उरली होती आणि दोघांचे हात एकदम वर गेले. रेकॉर्ड तिला मिळाली. "मी ती ऐकायला तिच्या घरी गेलो," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. हा थांबा मी कापणार नाही. अकरा सेकंद आहेत.

तिच्या घरी रविवारी भात आणि वाटाणे, तिच्या वडिलांचा दबदबा, तिच्या भावाने शिकवलेला नाच. त्या भावाचेही केस असेच कापलेले, बूटही असेच. तो स्वतःला स्किनहेडच म्हणवायचा. १९७० मध्ये वेंब्लीच्या एम्पायर पूल या सभागृहात रेगेचा मोठा जलसा झाला, तिथे हे तिघं गेले होते. होरेस ओव्हे यांनी त्याच जलशावर फिल्म केली आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

तेवीसांपैकी अकरा रेकॉर्डी ट्रोजनच्या किंवा तिच्या उपलेबलांच्या. या नावाचा प्रवास मला फार आवडला.

इंग्लंडमध्ये क्रॉयडनला ट्रोजन नावाच्या मालवाहू मोटारगाड्या बनत. त्यातली एक किंग्स्टनला ड्यूक रीडकडे होती. हा आधी पोलिसात होता, मग त्याने साउंड सिस्टिम काढली. भलेमोठे कर्णे आणि रेकॉर्डी या गाडीत घालून तो गल्लोगल्ली नाच भरवायचा. गाडी दिसली की लोक ओरडायचे, ट्रोजन आला! पुढे त्याने स्टुडिओ काढला, त्याच्या रेकॉर्डी लंडनला येऊ लागल्या, आणि लेबलला नाव पडलं ट्रोजन. इथून तिकडे गेलेलं नाव गाणी घेऊन परत आलं.

१९६८ मध्ये ही कंपनी नव्याने उभी करणाऱ्या दोघांपैकी एक आयलंड रेकॉर्ड्सचे क्रिस ब्लॅकवेल. दुसरे ली गोपथल. किंग्स्टनमध्ये जन्मलेले, भारतीय वंशाचे. किलबर्नच्या केंब्रिज रोडवर त्यांची इमारत होती आणि आयलंड तिथे भाडेकरू होती. गोपथल शिकलेले हिशेबनीस. भाडेकरूंचा धंदा बघता बघता ते रेकॉर्डींच्या धंद्यात उतरले, दुकानांची साखळी काढली आणि जमैकन संगीत थेट गिऱ्हाइकाच्या हाती दिलं.

जमैकात भारतीय कसे? १० मे १८४५ ला ओल्ड हार्बर बे इथे गिरमिटियांचं पहिलं जहाज लागलं. ऊसमळ्यांतली गुलामगिरी संपली होती आणि मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. त्यानंतर १९१७ पर्यंत हजारो आले. गांजा आणि चिलीम हे दोन शब्द त्यांच्याबरोबरच तिथे गेले.

म्हणजे हे संगीत गोऱ्या कामगार पोरांच्या हातात देणारा एक माणूस आपल्यातला होता. हे मी दोनदा लिहून पाहिलं, कारण पुढे जे येणार आहे त्यापुढे ते ठेवावं लागेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुई बदलली. 'रिटर्न ऑफ जँगो'चं भोक मध्यावर नाही, त्यामुळे सॅक्सोफोन बोटीत बसल्यासारखा हेलकावतो. मधला भाग काढलेला असल्याने अडॅप्टर न लावता तबकडी सुतासुताने सरकवून मध्यावर आणली. पाचव्या प्रयत्नात जमलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबांना आज पहिल्या पंधरा मिनिटांचा कच्चा भाग ऐकवला. सातवं मिनिट झालं आणि ते उठून आत गेले. मी मागोमाग गेले.

"त्या टकल्या पोरांचं कौतुक लावतीस व्हय घरात?"

बाबा सातारा जिल्ह्यातून १९६८ च्या मार्चमध्ये इथे आले. त्याच महिन्यात केनियातल्या आशियाई लोकांना रोखायला सरकारने घाईघाईने कायदा केला. एप्रिलच्या २० तारखेला बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेल या खासदाराचं बाहेरून येणाऱ्यांविरुद्धचं भाषण झालं आणि तीन दिवसांनी लंडनच्या गोदीतले कामगार त्याच्या बाजूने मोर्चा घेऊन संसदेवर गेले. बाबा पार्क रॉयलच्या एका कारखान्यात रात्रपाळीला होते. १९७० च्या जानेवारीत, पाळी सुटल्यावर, बस थांब्यावर चार पोरं आली. बाबांच्या बरोबरच्या पंजाबी सोबत्याचा जबडा मोडला. बाबांचा डबा लाथेने रस्त्यापलीकडे गेला. "आवाज आधी यायचा गं. बुटांचा. मग माणूस दिसायचा." त्यानंतर वर्षभर पाच-पाच जण मिळूनच घरी येत. त्या एप्रिलमध्ये पूर्व लंडनमध्ये तोसिर अली या हॉटेलात काम करणाऱ्या माणसाचा खून झाला, तेव्हा त्या मारहाणीला वर्तमानपत्रांत नाव होतं, 'पाकी-बॅशिंग'. तो शब्द मी कार्यक्रमात घेणार आहे, कारण बाबांनी तो ऐकला आहे. आणि 'पाकी' म्हणताना त्या पोरांनी साताऱ्याचा आणि जालंधरचा फरक केला नव्हता.

हे मला आजवर माहीत नव्हतं. पन्नास वर्षांत बाबांनी एकदाही सांगितलं नाही.

दोन्ही खरं आहे. नाचाच्या जागेत जमैकन पोराच्या खांद्याला खांदा लावणारे पोरगे रस्त्यावर आमच्या माणसांना मारत होते, आणि कधी कधी त्या मारणाऱ्यांत काळी पोरंही असत. ज्यांचं संगीत नाचता येत होतं त्यांना दार उघडं होतं. आमची गाणी घरात, दारं लावून. आमच्याकडे नाचाला नेण्याजोगी पेटी नव्हती. याला काही समजूत म्हणता येणार नाही, पण मला दिसलं ते असं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काम बंद.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शेजाऱ्यांकडे गेले. रेकॉर्डर नेला, पण पिशवीत ठेवला. बाबांचं नाव न घेता विचारलं. त्यांनी खिडकीकडे, आमच्या घराकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते काढ बाहेर. लाव."

१९७० चा उन्हाळा. चिप्सच्या दुकानाबाहेर त्यांच्याबरोबरच्या तिघांनी एका माणसाला अडवलं. "मी मारलं नाही. मी थांबवलंही नाही. चिप्स खात उभा होतो." सोमवारी तिला कळलं. तिने त्यांच्या घरी ठेवलेली पेटी उचलली आणि तीन महिने बोलली नाही. जाताना एवढंच म्हणाली की आज तो आहे, उद्या माझा भाऊ असेल. त्या तिघांशी त्यांनी संबंध तोडले, पण तो माणूस कोण होता, त्याचं पुढे काय झालं, हे त्यांनी कधी शोधलं नाही. हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं.

बाबांची घटना जानेवारीतली, ही उन्हाळ्यातली. दोन वेगळ्या. मी तारखा दोनदा तपासल्या.

हा भाग ठेवायचा का, असं मी विचारलं. "मधोमध ठेव. शेवटी ठेवलास तर लोक तोवर उठून गेलेले असतील."

१ मार्च, शनिवार

मांडणी नक्की केली. १९७१ ला थांबायचं. 'डबल बॅरल' ही जमैकन रेकॉर्ड मे महिन्यात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, तिच्यावर ड्रम वाजवणारा स्लाय डनबार जेमतेम अठराचा. त्यानंतर पोरांनी केस वाढवले, लग्नं झाली, आणि जमैकन संगीत रास्ताफारी या तिथल्या काळ्या लोकांच्या पंथाकडे आणि आफ्रिकेकडे वळलं. त्या गाण्यांत आता या पोरांना नाचायला सहज जागा नव्हती. ते त्यांच्यासाठी गायलेलंच नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाने टक्कल आणि बूट उचलले, तेव्हा १९६९ चे कितीतरी जण दुरून बघत राहिले. त्याच वेळी १९७९ मध्ये कोव्हेंट्रीत जेरी डॅमर्स यांनी टू-टोन लेबल काढलं, काळी-गोरी पोरं पुन्हा एका मंचावर आली. १९८१ मध्ये कोव्हेंट्रीत सतनाम सिंग गिल या विद्यार्थ्याचा खून झाला तेव्हा त्यांनी त्याच गावात वंशद्वेषाविरुद्ध जलसा केला. १९८७ मध्ये न्यू यॉर्कच्या स्किनहेडांनी वर्णद्वेषाविरुद्ध संघटना काढली आणि पुढे तिच्या चिन्हात आलं ट्रोजनचं शिरस्त्राण. या सगळ्याला मी तीन मिनिटं देणार आहे. दुसरा कार्यक्रम होईल तेव्हा होईल.

'स्किनहेड मूनस्टॉम्प' मात्र पूर्ण वाजवणार. माणूस चंद्रावर उतरला त्याच सुमाराची. गाणारे सिमॅरिप, 'पिरॅमिड्स' हे आपलंच जुनं नाव थोडं उलटं फिरवून घेतलेले, कॅरिबियन वंशाचे काळे वादक. गोऱ्या पोरांना 'उठा, पाय आपटा' असं त्यांनी फर्मावलं आणि पोरांनी ऐकलं. १९६९ ची सगळी गोष्ट त्या एका हुकमात आहे.

९ मार्च, रविवार

निवेदन रेकॉर्ड केलं. 'वर्किंग क्लास'वर अडले. 'कामगार वर्ग' म्हटलं की आपल्याला मोर्चा दिसतो, लाल झेंडा दिसतो. मला हवा होता शुक्रवारचं पाकीट आईला देऊन उरलेल्यात शर्ट बघणारा पोरगा. शेवटी 'कामावर जाणाऱ्या घरातली पोरं' असं म्हटलं. लालबाग-परळच्या माणसाला ते लगेच कळेल.

तालाचा भाग तिसऱ्यांदा फसला. 'पहिली मात्रा रिकामी' एवढं सांगून पुढे गेले. समाधान नाही.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

पहाटे घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे गुढी उभारायला उशीर झाला. दुपारी शेजारी आले, स्वतः होऊन. बाबांसमोर कार्यक्रम ऐकायचा असं त्यांनीच सुचवलं होतं. गेली तीस वर्षं हे दोघं कुंपणावरून टोमॅटोची रोपं आणि कोथिंबीर देतात-घेतात. बाबांना ते तेव्हा कोण होते हे इतकी वर्षं माहीत नव्हतं.

अठ्ठावन्न मिनिटं. मधला भाग आला तेव्हा शेजारी जमिनीकडे पाहत होते आणि बाबा त्यांच्याकडे. कोणी उठलं नाही. संपल्यावर मी उगाच पुरणपोळीचं ताट मांडायला लागले. बाबांनी माफ केलं वगैरे काही नाही. त्यांनी विचारलं, "ह्यात तिची कुठली?"

बाबा तिला ओळखत होते. आई आजारी असताना ती रोज संध्याकाळी येऊन बसायची.

मी 'लिक्विडेटर' लावली, ओरखड्यांसकट. बाबांचा हात खुर्चीच्या दांडीवर गेला. गावी ते भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. हात पडला, चुकला, थांबला. "सम कुठं हाय हिची?" शेजाऱ्यांना शब्द कळला नाही, पण हात कळला. त्यांनी बसल्या जागी पाय आपटून दाखवला, तिसरीवर. पुन्हा. पुन्हा. बाबांनी केरवा धरला, आठ मात्रा, आणि पाचवीवर आल्यावर मान हलवली.

"आगं, आपण जिथं हात मोकळा सोडतो ना, खालीला, तिथं ह्यांचा ठोका हाय. आन् समेला मोकळं."

दोन महिने मला जे सांगता आलं नव्हतं ते हे. उद्या तालाचा भाग बाबांच्या आवाजात पुन्हा रेकॉर्ड करायचा. मृदंग मंडळातून मागवून आणायचा, आणि पायासाठी एक मायक्रोफोन जमिनीजवळ.